काडतुसाचे यंत्र कोणाच्या मालकीचे? खडकी, चिंचवड, चाकण

१/ रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू-गोळी भरणारे स्वयंचलित यंत्र अमेरिकेत घरपोच मिळते. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमधील एखाद्या निष्णात कारागिराला मात्र ते परवान्यावाचून विकत घेता येणार नाही. नुसते जवळ बाळगले तरी तो गुन्हा ठरेल. या फरकाची मुळे १८५७, १८६९ आणि १८७८ या तीन वर्षांत आहेत. थ्रेड.

२/ आधी यंत्राविषयी. धातूच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, दारू आणि गोळी. बार उडाला की टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी निघून जाते. पुंगळी तेवढी किंचित फुगून मागे उरते. ती पुन्हा मापात आणून भरता येते. १८८४ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ कंपनी काढून यासाठी पकडीसारखी हत्यारे विकायला सुरुवात केली. पुढे फिरत्या तबकडीचे यंत्र आले. दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळी एक घर पुढे सरकते आणि तबकडीभोवतीची सगळी कामे एकाच वेळी होतात. त्याला मोटार जोडली की झाले स्वयंचलित यंत्र.

३/ धातूचे काडतूस येण्यापूर्वी ‘भरणे’ हे शिपायाचे स्वतःचे काम होते. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध सुमारे ५६ दिवस लढवला. त्या काळचा बंदूकची दारू मापून नळीत ओतत असे आणि वरून गोळी ठासत असे. दारूचा साठा सरकारी कोठाराचा, पण बार भरणारा हात शिपायाचा.

४/ १८५७ मध्ये वाद पेटला तो याच हातावरून. एनफिल्डचे कागदी काडतूस दातांनी फोडावे लागे आणि त्याला लावलेल्या चरबीविषयी संशय पसरला होता. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने वंगण शिपायांनी स्वतः बाजारातून आणून लावावे, अशी मुभा दिली. काडतूस कोण बनवतो आणि त्यात काय घालतो हा प्रश्न विश्वासाचा आहे, याची ती कबुलीच होती. पण ती उशिरा आली.

५/ उठावानंतरचे धोरण उलट दिशेने गेले. देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक ठेवण्यात आली. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई-पुणे थेट जोडले गेले. त्याच मार्गावरील खडकीच्या छावणीत १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. स्नायडर रायफलीचे धातूचे काडतूस ब्रिटिश सैन्यात येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. काडतूस आता यंत्रावर बनू लागले होते आणि यंत्र सरकारच्या भिंतीआड गेले होते.

६/ त्या भिंतीला कायद्याचे कुंपण घातले १८७८ च्या शस्त्र कायद्याने. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा झाला. नियमांनी युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली.

७/ या कायद्यातील ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या बारकाईने वाचावी अशी आहे. काडतुसाचे सुटे भाग तर तीत आहेतच, पण काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीही आहे. उलट शिसे, गंधक आणि सोरा या तीन वस्तू व्याख्येतून वगळल्या आहेत. त्या ‘लष्करी सामग्री’ या वेगळ्या सदरात ठेवल्या. म्हणजे गंधकाचा खडा हा दारूगोळा नव्हे, पण एकही गोळी न भरलेले कोरे यंत्र हा दारूगोळाच.

८/ खडकीहून काही मैलांवरच्या चिंचवडचे चापेकर बंधू याच कायद्याच्या छायेत वाढले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी आयर्स्टवर गोळी झाडली. परवाना सक्तीचा होऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. ज्या परिसरात सरकार काडतुसे घडवत होते, त्याच परिसरात दोन तरुणांनी सरकारला ठाऊक नसलेली पिस्तुले वापरली.

९/ २४ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्बस्फोट झाला. त्यासाठीची स्फोटके लष्कराच्या दारूगोळा भांडारातूनच बाहेर आली होती. तेथे नोकरी करणाऱ्या भास्कर कर्णिकांनी फरासखान्यात, पोलिसांच्या ताब्यात असताना, विष घेऊन प्राण दिला. कुंपण बाहेरच्यांना अडवत होते. आत पगारावर काम करणारे हात मात्र याच मातीतले होते.

१०/ स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्यातही दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याच्या यंत्रसामग्रीचा समावेश कायम राहिला. म्हणूनच पहिल्या पोस्टमधील कारागिराला यंत्रासाठीही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली.

११/ कौशल्य या पट्ट्यात भरपूर आहे. पुंगळी बनते ती पितळेची चकती साच्यात दाबून, टप्प्याटप्प्याने खोल ओढून. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये मोटारींचे पत्र्याचे भाग याच तत्त्वावर रोज निघतात. ती प्रेस कोणीही कर्ज काढून घ्यावी. कायदा धातू दाबण्याची विद्या अडवत नाही. विशिष्ट हेतूने घडवलेले यंत्र अडवतो.

१२/ मग १८७८ आणि १९५९ यांत फरक तो काय? यंत्राविषयीची तरतूद जवळपास तीच. फरक सवलतीत आहे. लिटनच्या काळात कातडीचा रंग पाहून मिळणारी सूट प्रजासत्ताकाच्या कायद्यात उरली नाही. आयुध कारखान्यांच्या फेररचनेत, १ ऑक्टोबर २०२१ रोजी, खडकीचा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेला, तीही सरकारी कंपनीच, मुख्यालय पुण्यात. खासगी कंपन्यांना आता परवाना घेऊन काडतुसे बनवता येतात.

१३/ शस्त्रबंदीचा कोणताही कायदा वाचताना बंदीचे कलम आधी वाचू नका. सूट कोणाला दिली आहे ते आधी पाहा. राज्यकर्त्यांचा विश्वास कोणावर होता आणि धास्ती कोणाची होती, हे त्या यादीत लिहिलेले असते.

थ्रेड समाप्त.