व्यवहाराचा आरंभ कोणीं सांगावा?

चाकणच्या एखाद्या कारखान्यांतील गुदामांतून मोटारीचे ४० सुटे भाग जोडणीखात्याकडे निघाले आहेत, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. हिशेबांत गुदामाची शिल्लक ४० नें घटावयाची व जोडणीखात्याची तितकीच वाढावयाची. पहिली नोंद उमटली आणि दुसरीच्या आधीं वीज गेली, तर ते भाग हिशेबांत कोठेंच उरत नाहींत! १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्या काळीं हें ओझें कारकुनाच्या खातेवहीवर असे. २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, तोंपर्यंत अशा कारखान्यांत तें संगणकावरील डेटाबेसकडे आलें होतें.

दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहींतर एकही होऊं नये, अशा बांधलेल्या व्यवहारास ट्रान्झॅक्शन म्हणतात. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत १९७० च्या दशकांत ‘सिस्टिम आर’ नांवाचा डेटाबेस सिद्ध झाला. त्या कामांत जिम ग्रे यांनीं ही कल्पना शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. १९९८ सालचें ट्युरिंग पारितोषिक त्यांस मिळालें, तें उगाच नव्हे. सिस्टिम आरमध्यें व्यवहाराचा आरंभ व शेवट हे दोन्ही शब्दांनीं सांगावे लागत. पण १९८६ सालीं अमेरिकेंत एसक्यूएल भाषेचें पहिलें प्रमाण ठरलें, त्यांत नोंद कायम करणारें ‘कमिट’ व ती रद्द करणारें ‘रोलबॅक’ हीं दोनच विधानें आलीं. आरंभाला शब्दच नव्हता. पहिली आज्ञा दिली कीं व्यवहार आपोआप सुरू झाला, असें धरावयाचें. ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ हें विधान प्रमाणांत यावयास १९९९ साल उजाडलें. तोंवर ज्याचा त्याचा संप्रदाय पक्का होऊन बसला होता.

ओरॅकल या मौनाच्या वळणाचा. तेथें ‘कमिट’ म्हणेपर्यंत नोंद कच्चीच राहते. सायबेसच्या घराण्यांतून आलेला मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर नेमका उलट: ‘बिगिन ट्रान्झॅक्शन’ असें बजावलें नाहीं, तर प्रत्येक आज्ञा तेथल्या तेथें कायम होते. ओरॅकलवर हात बसलेला मनुष्य येथें चुकीची शिल्लक लिहितो, निश्चिंतपणें ‘रोलबॅक’ म्हणतो, आणि उत्तर येतें कीं परतविण्यासारखा व्यवहार चालूच नाहीं. येथला मनुष्य तिकडे गेला कीं ‘कमिट’ विसरतो. त्याची नोंद दुसऱ्या कोणास दिसत नाहीं आणि तीच ओळ बदलूं पाहणारे तिष्ठत बसतात. यांत दोष माणसाचा थोडा, त्या जुन्या मौनाचा अधिक. ओरॅकलची आणखी एक खोड अशी कीं, मध्येंच नवा तक्ता उभारला तर आधींच्या साऱ्या कच्च्या नोंदी न विचारतां कायम होतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्यें तो तक्तासुद्धां ‘रोलबॅक’नें मागें घेतां येतो, ही सोय खरोखर मोठी आहे.

मायएसक्यूएलची गोष्ट सर्वांत फसवी. २०१० सालीं ५.५ ही आवृत्ति येईपर्यंत, तक्त्याचा प्रकार न सांगितल्यास सामान्यतः ‘मायआयसॅम’ हाच मिळे, आणि त्यास ट्रान्झॅक्शन ठाऊकच नव्हतें. ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ म्हटलें तरी तक्रार येत नसे. ‘रोलबॅक’ म्हटल्यावर मात्र एक बारीकशी सूचना उमटे, आणि चाकणचे ते ४० भाग हरवलेलेच राहात.