एका कल्पित पुराणातील शक्तिविचार

पुराण हे सहसा एका माणसाचे काम नसते. अनेक पिढ्यांच्या मुखातून ते वाढत जाते, आणि त्याचा कर्ता कोण हे अखेर कोणासच सांगता येत नाही. म्हणून विसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या एका भाषाध्यापकाने देव, युगे, वंश व भाषा यांसह एक सबंध पुराण एकट्याने रचावे, ही वाङ्मयाच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हा तो अध्यापक. त्याच्या ‘मध्यभूमी’च्या कथांतील युद्धे व राक्षस वाचकांच्या परिचयाचे आहेत. परंतु तेथील देवांच्या व जनांच्या शक्तीमागे जो एक सुसंगत विचार आहे, त्याचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या पुराणाचा उगम भाषेत आहे. फिनिश व वेल्श भाषांच्या ध्वनींनी मोहित होऊन टोल्किनने स्वतःच्या भाषा रचिल्या. भाषेस बोलणारे हवेत आणि बोलणाऱ्यांस इतिहास हवा, म्हणून कथा आल्या. पण त्या कथांवर छाया पडली ती युद्धाची. १९१६ साली तो सोमच्या रणांगणावर होता. त्याच्या जिवलग शाळासोबत्यांपैकी दोघे त्याच वर्षी कामी आले, आणि तो स्वतः खंदकज्वराने आजारी होऊन मायदेशी परतला. त्या आजारपणात त्याने गोंदोलिन नगरीच्या पाडावाची कथा लिहावयास घेतली. तीत शत्रूचे लोखंडी सर्प पोटात सैनिक घेऊन तटावर चालून येतात. ज्या वर्षी सोमवर रणगाडे प्रथम उतरले, त्याच वर्षाच्या अखेरीस ही कल्पना सुचावी, हा निव्वळ योगायोग असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता या सृष्टीची घडण पाहू. आदिदेव इलुवातार याच्या समोर दिव्य आत्मे गायन करितात आणि त्या गायनातून जगाचा आराखडा उत्पन्न होतो. मेल्कोर नामक सर्वांत समर्थ आत्मा त्यात आपला बेसूर मिसळतो. पुढे जे आत्मे जगात उतरतात, त्यांतील श्रेष्ठ चौदांस ‘वालार’ म्हणतात. जनांमध्ये एल्फ हे जग असेतोवर जगाशी बांधलेले. मानव मात्र मरून जगाबाहेर जातो, आणि हा मृत्यू त्यास इलुवातारने दिलेली देणगी म्हणून वर्णिला आहे.

या जगातील शक्ती म्हणजे कोणीही मंत्र म्हणून उपसावा असा अक्षय साठा नव्हे. ती कर्त्याचे स्वत्व आहे. ते ज्या वस्तूत ओतले, त्या वस्तूच्या दैवाशी कर्ता बांधला जातो. मेल्कोरने जग अंकित करण्यासाठी आपले सामर्थ्य भूमीच्या कणाकणात ओतले; जग नासले खरे, परंतु तो स्वतः क्षीण होऊन देहास जखडला गेला. साउरोनने तेच एका अंगठीत केले. म्हणूनच टोल्किनच्या हस्तलिखितांचा दहावा खंड १९९३ साली प्रसिद्ध करताना त्याच्या पुत्राने त्यास ‘मॉर्गोथची अंगठी’ असे नाव दिले. मॉर्गोथ हे मेल्कोरचेच नंतरचे नाव.

हा नियम केवळ दुष्टांस लागू नाही, आणि येथेच या विचाराची खोली आहे. वनदेवता यवान्ना हिने निर्मिलेले प्रकाशवृक्ष मेल्कोरने मारिले, तेव्हा तसे वृक्ष तिलाही पुन्हा घडविता येईनात. त्यांचा प्रकाश फेआनोरच्या सिल्मारिल रत्नांत तेवढा उरला होता. ती रत्ने देण्यास फेआनोर राजी झाला नाही आणि त्या हट्टातून त्याच्या वंशाचा नाश ओढवला. उलट शिल्पदेव आउले याने उतावीळपणे बुटक्यांचा वंश घडविला. दोष कळताच तो आपली निर्मिती स्वहस्ते मोडावयास सिद्ध झाला. इलुवातारने ती वाचविली, स्वीकारिली आणि तिला स्वतंत्र जीव दिला. रत्न मुठीत धरणाऱ्याच्या हाती काही उरले नाही. हातोडा उगारणाऱ्याची लेकरे जगली.

१९५४–५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या तीन भागांच्या कथेचा शेवटही याच नियमाने होतो. साउरोनची अंगठी नष्ट होताच एल्फांच्या तीन अंगठ्याही निस्तेज होतात. त्या कोणावर सत्ता गाजविण्यासाठी नव्हत्या. कालौघात सौंदर्य टिकावे एवढाच त्यांचा हेतू होता. तरीही विजयाचे मोल त्यांनाच द्यावे लागते. ही अंगठी म्हणजे अणुबाँब, असा अर्थ काहींनी लाविला. टोल्किनने तो नाकारिला, आणि कथेचा गाभा १९३९ पूर्वीच ठरला होता हे स्पष्ट केले. आमच्या मते तो अर्थ तोकडाही आहे. शस्त्राचा मोह टाळणे हे सज्जनास त्या मानाने सोपे असते. आवडत्या वस्तूला कायम धरून ठेवण्याचा मोह टाळणे त्याला फार जड जाते.

ग्रंथकाराची कथाही याहून निराळी नाही. सुमारे साठ वर्षे तो हे पुराण लिहीत आणि खोडीत राहिला, आणि ते अपुरे ठेवूनच १९७३ साली निवर्तला. ‘सिल्मारिलियन’ १९७७ साली पुत्र क्रिस्टोफर याने जुळवून प्रसिद्ध केले. ज्याने देवांकडूनही निर्मिती सोडून देण्याची अपेक्षा केली, त्यास स्वतःची निर्मिती अखेर दुसऱ्याच्याच हाती सोपवावी लागली. आणि ती वाचकांपर्यंत पोचली तीही त्यामुळेच.