उकिडवं बसता येतं का?

नंदुरबार जिल्ह्यात ‘पुनर्वसन’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात सरदार सरोवर येतं. तळोदा तालुक्यातल्या रेवानगर, नर्मदानगर, सोमावल या बुडितातून उठलेल्या माणसांच्या वसाहती येतात. मी याच जिल्ह्यात फिजिओथेरपीचा व्यवसाय करतो. आमच्या शास्त्रातही पुनर्वसन आहे, पण ते जमिनीचं नव्हे, शरीराचं. अर्धांगाने पडलेला माणूस पुन्हा उभा राहावा, झिजलेल्या खुब्याने पुन्हा चालावं, एवढाच त्याचा अर्थ. ही विद्या महाराष्ट्रात कशी आली, सतत कशी बदलत गेली आणि सातपुड्यापर्यंत पोचताना तिचं काय झालं, हा गेली काही वर्षं माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

या विद्येला इथे चालना मिळाली ती युद्धामुळे आणि पोलिओमुळे. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघालं. पोलिओचं काम मात्र एका आईच्या धडपडीतून उभं राहिलं. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचार शोधत त्या मद्रासपर्यंत गेल्या आणि १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजीअलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय त्याच कामातून वाढलं.

नेमक्या त्या वर्षांत पोलिओवरचे उपचार मुळापासून बदलत होते. लुळा पडलेला पाय प्लास्टरमध्ये किंवा फळ्यांमध्ये महिनोन्महिने जखडून ठेवायचा, म्हणजे तो वाकडा होणार नाही, असं आधीचं शास्त्र सांगे. एलिझाबेथ केनी नावाची ऑस्ट्रेलियन परिचारिका बरोबर उलट करी. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरीच्या घड्या ती स्नायूंवर ठेवी आणि हातपाय हलवायला लावी. मायदेशातल्या बहुतेक डॉक्टरांनी तिला जवळ केलं नाही. १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली, मिनिआपोलिसच्या डॉक्टरांनी तिचे रुग्ण स्वतः तपासून पाहिले आणि काही वर्षांतच प्लास्टर मागे पडलं. गंमत अशी, की पोलिओत स्नायूंचं काय होतं याविषयी तिने मांडलेली उपपत्ती पुढे टिकली नाही. उपचार खरा, कारणमीमांसा खोटी! आमच्या शास्त्रात हे पुष्कळदा झालं आहे, आणि याच्या उलटही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराची आणि पाठोपाठ फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. व्यवसायोपचाराची शाळा काढणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी. साहित्याच्या वाचकांना हे घराणं दुसऱ्या नात्याने ठाऊक असेल. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव आणि लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई. मला कमलाबाईंचं दुसरं एक काम अधिक मोलाचं वाटतं. त्यांनी ‘जर्नल ऑफ रिहॅबिलिटेशन इन एशिया’ हे नियतकालिक चालवलं. त्या नावातला ‘आशिया’ शब्द सहज आलेला नसावा. युरोप-अमेरिकेत लिहिलेलं वाचायचं, ते इथे लागू करायचं आणि तिथेच थांबायचं, हे त्यांना पुरेसं वाटत नसणार.

पण मुंबईत छापलेलं मुंबईबाहेर कितीसं जाणार? नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं ते अगदी अलीकडे. शहरात शिकून इकडे आलेल्या माणसाकडे त्याच्या विद्यार्थिदशेतली पुस्तकं असत, आणि पुस्तक हातात पडेपर्यंत त्यातलं ज्ञान आधीच काही वर्षांनी जुनं झालेलं असे.

कंबरदुखीचंच पाहा. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०३ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही. मात्र दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. खाडा म्हणजे काय, हे रोजंदारीवरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तरीही ‘फळीवर झोपा, पट्टा बांधा, उठू नका’ हा सल्ला आमच्याकडे आजही घरोघरी ऐकू येतो.

१९९९ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी फिजिओथेरपीच्या प्रयोगांची एक सूची सर्वांसाठी मोफत खुली केली. ‘पेड्रो’ हे तिचं नाव. प्रत्येक प्रयोग किती काटेकोर आहे, याचे दहापैकी गुण तिथे दिलेले असतात. मोबाइलला रेंज मिळाली तर ती धडगावातही उघडते. मात्र नवं संशोधन नेहमी आपल्या मनासारखंच बोलतं असं नाही. दुर्गम भागासाठी एक स्वस्त तोडगा वारंवार सुचवला जातो: अर्धांगाच्या रुग्णाच्या घरच्यांना व्यायाम शिकवा आणि घरी पाठवा. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तो रीतसर पडताळून पाहिला गेला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी रुग्णांचं प्रमाण सारखंच, ४७ टक्के. घरच्यांना शिकवू नये असा याचा अर्थ नाही. पण तेवढ्यावर भागवता येतं, असं म्हणायला आता आधार उरत नाही.

आता खुद्द या जिल्ह्याच्या दुखण्याकडे येतो. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी सिकलसेलच्या अभ्यासात आयुष्य घातलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींत या रोगाच्या वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के आहे, आणि ज्या सहा जिल्ह्यांत प्रत्यक्ष रोगी पाच हजारांहून अधिक आहेत त्यांत नंदुरबार येतो. वाहकाला सहसा त्रास नसतो. रोग्याच्या तांबड्या पेशी मात्र विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा मुळातच मोजक्या वाहिन्यांवर जगतो. त्या तुंबल्या की तो आतून मरू लागतो. म्हणून माझ्याकडे लंगडत येणारा रुग्ण बऱ्याचदा पंचविशीचा असतो.

यावर एक शस्त्रक्रिया करतात. गोळ्यात भोक पाडून आतला दाब कमी करायचा. ती खरोखर उपयोगी पडते का, हे अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून तपासलं. गोळा चपटा होण्यापूर्वीच्या टप्प्यातले ४६ रुग्ण घेतले. काहींना शस्त्रक्रिया आणि व्यायाम, काहींना नुसता व्यायाम. शेवटपर्यंत ३८ टिकले. सरासरी तीन वर्षांनी पाहिलं तर शस्त्रक्रियेच्या गटात ८२ टक्के खुबे पुढच्या शस्त्रक्रियेविना तगले होते, नुसत्या व्यायामाच्या गटात ८६ टक्के. हे २००६ मध्ये छापून आलं. कॉक्रेनच्या अभ्यासकांनी या विषयावरचे प्रयोग पुनःपुन्हा धुंडाळले. २०१९ च्या आढाव्यातही त्यांच्या निकषांना उतरणारा प्रयोग हा एकच होता.

जगभर पसरलेला रोग आणि पुरावा ३८ माणसांचा! एवढ्या आकड्यांवर शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरवता येत नाही, हे मान्य. पण जिथे शस्त्रक्रियेसाठी सुरत किंवा नाशिक गाठावं लागतं, तिथे नीट शिकवलेला व्यायाम हा नाइलाज म्हणून दिलेला उपचार नाही, एवढं म्हणण्याइतकं बळ त्यात नक्की आहे.

या प्रयोगात सुधारणा मोजली ती हॅरिस यांच्या तक्त्यात थोडा फेरफार करून. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद विल्यम हॅरिस यांनी १९६९ मध्ये केलेला हा तक्ता शंभर गुणांचा. त्यातले ४४ वेदनेला. बाकीच्यांत जिना चढता येतो का, बूट-मोजे घालता येतात का, खुर्चीत तासभर बसता येतं का, बसमध्ये चढता येतं का, अशा गोष्टी. तोरणमाळच्या पाड्यावरल्या बाईला मोज्यांचं काय विचारायचं? मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याबद्दल त्या तक्त्यात अवाक्षर नाही. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांना साठीच्या दशकाच्या अखेरीस हीच अडचण आली होती. विलायती कृत्रिम पाय बुटासाठी घडवलेला होता. तो लावून शेतकऱ्याला ना अनवाणी चालता येई, ना जमिनीवर बसता येई. त्यांनी रबराचा पाय घडवला आणि १९७८ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेखही लिहिला. मी भरतो त्या खुब्याच्या तक्त्याला मात्र असा कोणी भेटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मी हॅरिसचा तक्ता भरतो, कारण इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहायचं तर तोच लागतो. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर माझे प्रश्न असतात. उकिडवं बसता येतं का? बसलात तर हाताचा आधार न घेता उठता येतं का? डोक्यावर हंडा घेऊन चढ चढता का? ऊसतोडीला गेलात तर किती दिवस टिकलात? पावरी बोलणाऱ्या रुग्णासाठी आशाताई मध्ये बसून हे विचारून देतात, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. या सगळ्या उत्तरांना गुण द्यायचे कसे, ते मला ठाऊक नाही. तारीख टाकून मी ती जशीच्या तशी उतरवून ठेवतो.