अवघडलेल्या खांद्याची कथा

फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलावा आणि खांद्यात कळ यावी. सदऱ्याच्या बाहीत हात जाऊ नये, बायकांचा हात वेणीपर्यंत पोचू नये, रात्री त्या कुशीवर वळता येऊ नये. चाळिशी ते साठीच्या दरम्यान पुष्कळांना हा अनुभव येतो. घरची मंडळी म्हणतात, वात धरला. मग कोणी बिब्बा घालतो, कोणी डाग देतो. कातडी भाजते, खांदा होता तिथेच राहतो. या दुखण्याला डॉक्टर ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा म्हणतात. ते नाव देणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

दुखणे मात्र त्याच्याहून फार जुने. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अवबाहुक’ नावाचा विकार आहे. खांद्यात ठाण मांडलेला वायू तिथली बंधने सुकवतो आणि शिरा आखडतो, असे त्याचे वर्णन. वायूची उपपत्ती बाजूला ठेवा. पण दोष बंधनांत आहे, ही नजर किती नेमकी! युरोपात हीच गोष्ट १८७२ साली पॅरिसच्या सिमॉन द्यूप्ले याने मांडली. सांधा शाबूत असतो, भोवतालचे मऊ भाग बिघडतात, असे त्याचे म्हणणे. तो रोग्याला भूल देऊन हात जोराने फिरवी.

आता बोस्टनला येऊ. अर्नेस्ट ॲमरी कॉडमन (१८६९–१९४०) हा तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातला शस्त्रवैद्य. त्याने एकच हट्ट धरला: रोगी घरी गेला की काम संपले असे समजू नका, वर्षभराने त्याला पुन्हा बघा, आणि बरा झाला नसेल तर का नाही, ते लिहून ठेवा. साधी गोष्ट, नाही का? पण ती कोणाला रुचली नाही. बढत्या गुणावर नव्हे, ज्येष्ठतेवर मिळतात म्हणून १९१४ साली त्याने राजीनामा दिला. पुढच्या जानेवारीत डॉक्टरांच्या भरसभेत त्याने एक व्यंगचित्र उघडले: श्रीमंत वस्तीचा शहामृग वाळूत तोंड खुपसून डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडतो आहे. मोठा गहजब झाला, सभेचे अध्यक्षपद गेले. त्याच्या स्वतःच्या चिमुकल्या इस्पितळातून १९११ ते १९१६ या काळात ३३७ रोगी घरी गेले. त्यांच्या हिशेबात त्याने १२३ चुका नोंदल्या, आणि त्या छापूनही टाकल्या! असे हिशेब आजही किती जण छापतात?

हाच चिकटपणा त्याने खांद्याच्या अभ्यासात लावला. १९३४ साली त्याचा खांद्यावरचा मोठा ग्रंथ निघाला, आणि त्यात ‘गोठलेला खांदा’ हे नाव आले. लक्षणे त्याने अशी टिपली: दुखणे हळूहळू येते, त्या कुशीवर झोप लागत नाही, हात वर आणि बाहेर वळत नाही, पण क्ष-किरणाच्या चित्रात काही दिसत नाही. बहुतेक रोगी दोनेक वर्षांत बरे होतात, असे त्याचे मत होते. पुढच्या पाहण्यांत काहींचा थोडा ताठरपणा राहून जातो असे आढळले. १९४५ साली नेव्हिएझर याने दाखवले की सांध्याभोवतालची पिशवीच जाड होऊन आवळते. ओली पखाल वाळून आखडावी, तशी.

कॉडमनच्या नावाने एक सोपा व्यायाम चालतो. निरोगी हाताने टेबल धरून कमरेत वाका, दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबू द्या, आणि अंग किंचित हलवून त्याला झोके द्या. आधी गरम पाण्याने शेकले तर बरे. हात झोळीत बांधून महिनोन् महिने ठेवू नका. त्याने खांदा आणखी आखडतो. कळ फार असेल तर डॉक्टर गोळ्या देतात, कधी सांध्यात सुई देतात. मधुमेह्यांना हे दुखणे अधिक होते, म्हणून लघवीवर न थांबता रक्तातली साखर तपासून घ्या.

मात्र पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, किंवा खांदा सुजून ताप आला, तर झोके देत बसू नका, दवाखाना गाठा. आणि डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छाती दडपली, घाम सुटला, तर ते दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते. तेव्हा गाडी जुंपायला एक क्षणही लावू नये.