स्वप्नात ‘जागी’ असणारी मुलं

“मला स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे,” असं मूल सांगतं तेव्हा पालक एकतर हसतात किंवा घाबरतात. अशा सजग स्वप्नांना ‘ल्युसिड ड्रीम’ म्हणतात.

फ्रान्समधील हर्वे द सँ-दनी यांनी किशोरवयातच स्वप्नांची वही लिहायला घेतली. १८६७ मध्ये त्यांनी स्वप्नांना वळण कसं द्यावं यावर पुस्तक काढलं. १९१३ मध्ये डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान ईडन यांनी अशा स्वप्नांना ‘ल्युसिड’ म्हटलं. तरीही अनेकांना शंका होती: झोपलेल्या माणसाला हे कळेलच कसं?

पुरावा १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, पण डोळे हलतात. कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी स्वप्न चालू असतानाच, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली.

जर्मनीतील उर्सुला फॉस आणि सहकाऱ्यांनी ६ ते १९ वर्षांच्या मुलांना विचारलं. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सजग स्वप्नं लहान वयात जास्त आढळली, सोळाव्या वर्षाच्या आसपास कमी झाली. मेंदूचा पुढचा भाग परिपक्व होण्याशी याचा संबंध असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणजे हा आजार नाही, थापही नाही. मुलाचं ऐकून घ्या. भीतीने झोपच मोडत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.