जुना सबवूफर आणि वऱ्हाडातलं ऊन

आपल्या धंद्यात तीन वर्षांचा लॅपटॉप म्हातारा होतो. त्यामुळे अकोल्यात कोणी वीस वर्षांचा सबवूफर विकायला काढला की अमरावतीच्या गिऱ्हाईकाचा प्रश्न ठरलेला, "काऊन बाप्पा, एवढा जुना कायले घ्याचा?" प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर कॉम्प्युटरच्या नाही, स्पीकरच्या इतिहासात शोधायला हवं.

चुंबक, तारेची कॉइल आणि तिला जोडलेला कोन. आजही वापरात असलेला हा आराखडा जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. पुढची खरी अडचण होती खर्जाची. खर्जासाठी ढीगभर हवा हलवावी लागते, म्हणून खोकी अवाढव्य. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विलचरने बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं आणि 'एआर-१' या मानाने लहान स्पीकरमधून खोल खर्ज काढून दाखवला. अर्थात फुकट काहीच नसतं. खोल खर्ज, लहान खोकं आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, यातल्या कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. याला हॉफमनचा 'लोखंडी नियम' म्हणतात. नंतर ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७२-७३) यांनी सगळं गणितात बसवलं. तेच गणित आजही चालतं.

म्हणजे मूरचा नियम इथे लागू नाही! चाळीस हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, ती काही दरवर्षी आखूड होत नाही. जुनं मोठं खोकं आजच्या चिमुकल्या खोक्याला सहज भारी पडू शकतं.

मग सबवूफर घरात आला कुठून? सिनेमातून. १९७४ च्या 'अर्थक्वेक'साठी युनिव्हर्सलने 'सेन्सराउंड' आणलं. भूकंप अंगाला जाणवावा म्हणून थेटरात खर्जाचे दांडगे स्पीकर. पुढच्याच वर्षी आपल्याकडे 'शोले' ७० एमएम आणि सहा ट्रॅकमध्ये आला. पण त्यासाठी वेगळा प्रोजेक्टर आणि वेगळी साउंड यंत्रणा लागायची, त्यामुळे बहुतेक गावांनी साधी ३५ एमएम प्रिंटच पाहिली. आणि अमरावती तर सिनेमा वितरणाचं जुनं केंद्र! सी.पी. अँड बेरार प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला, पण सिनेमावाल्यांच्या बोलण्यात 'सी.पी. बेरार' सर्किट टिकून राहिलं. असो. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, त्यात खर्जाला स्वतंत्र चॅनेल मिळाला. ५.१ मधला 'पॉइंट वन' तो हाच. १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी निघाली आणि काही वर्षांत हा 'पॉइंट वन' दिवाणखान्यात येऊन बसला.

आता मुद्द्याचं. सत्तरच्या दशकापासून अनेक स्पीकरच्या कोनाभोवतीची मऊ कडा फोमची केली जाऊ लागली. हा फोम ऊन, उष्णता आणि दमट हवेने कुजतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि लगेच पावसाळा... वऱ्हाडात त्याचं काय होणार, वेगळं सांगायला नको. चुंबक आणि लाकूड ठणठणीत असतं, कडेचा मात्र भुगा. रबराची कडा पुष्कळ जास्त टिकते.

तेव्हा शंभरेक किलोमीटर गाडी मारावी लागली तरी माल डोळ्यांनी बघा. जाळी काढा, मोबाइलचा टॉर्च लावा, कडेला हलका हात लावा. चिकट किंवा ठिसूळ लागली की ती संपली. मग कोन दोन्ही हातांनी सरळ आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय. केबल न जोडता चालू करा. मोठी घूं ऐकू आली तर बहुतेक आतल्या अॅम्प्लिफायरचे कपॅसिटर सुकलेत. 'होम थिएटर सेट'मधला सुटा सबवूफर असेल तर आत अॅम्प्लिफायर आहे का, हे आधी विचारा. नसेल तर मूळ सेटशिवाय तो बहुधा नुसता स्टूल.

फक्त कडाच गेली असेल तर घाबरू नका, ती बदलून मिळते. तो खर्च किमतीतून वजा करा आणि घासाघीस तिथूनच सुरू करा. जळकी कॉइल किंवा मेलेला अॅम्प्लिफायर असेल तर मात्र हात जोडून परत या. वीस वर्षं हा आकडा त्या खोक्याचं वय सांगतो, तब्येत नाही.