वार्ता हीच पहिली सेवा : महाड-पोलादपूरच्या इतिहासांतून

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास देण्याची चाल आहे व ती योग्यच आहे. परंतु देऊळ केव्हां उभें राहिलें आणि कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, एवढ्यानें धर्मग्रामाचा इतिहास पुरा होत नाहीं. शेजाऱ्याचें दुःख आपणांस केव्हां कळलें, आणि कळल्यावर आपण काय केलें, हाहि इतिहासच होय. ज्युबिली या शब्दाचें मूळ पाहिलें तरी हेंच दिसून येतें. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें दर पन्नासाव्या वर्षीं देशभर मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा फुंकला जाई. त्या शिंगाच्या हिब्रू नांवावरूनच हा शब्द निघाला आहे. कर्णा ऐकूं आला म्हणजे दासांनीं समजावें कीं आपण मोकळे झालों, आणि ज्याची जमीन गहाण पडली त्यानें समजावें कीं ती आतां परत मिळणार. आधीं वार्ता, मागाहून उपकार, असा हा क्रम आहे.

ख्रिस्तसभेनें हा क्रम प्रथमपासून पाळिला आहे. मिस्सा संपतांना वेदीजवळून ज्या सूचना दिल्या जातात त्यांस आपण किरकोळ समजतों. पण त्यांमागें मोठी परंपरा आहे. विवाह होण्यापूर्वीं तो देवळांत जाहीर करावा, असा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेनें सर्व ख्रिस्तसभेस घालून दिला. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें ही जाहिरात तीन वेळां करण्यास व विवाहाची नोंदवही ठेवण्यास सांगितलें. त्यायोगें कोणा मुलीची फसवणूक होत असल्यास ती वेळींच उघडकीस येई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस दि सेल्स शाब्ले प्रांतांत गेले, तेव्हां लोक त्यांचें प्रवचन ऐकावयास येत ना. तेव्हां त्यांनीं आपलें म्हणणें कागदांवर लिहून ते घरोघरीं दारांखालून सरकविले. याच संतास पोप अकरावे पायस यांनीं १९२३ सालीं ख्रिस्ती लेखक व पत्रकार यांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें. आमच्या महाराष्ट्रांतहि १९०३ सालीं येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग, जे पुढें पुण्याचे बिशप झाले, त्यांनीं मराठी मासिक सुरू केलें आणि त्याला नांव दिलें ‘निरोप्या’. निरोप पोहोंचविणें हें धर्मकार्यच आहे, असा त्या नांवाचा अर्थ आम्ही घेतों.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावते, पोलादपूर व महाड यांजवळून वाहते आणि बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. एका अंगास सह्याद्रीचे कडे, दुसऱ्या अंगास खाडी, आणि मध्यें डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. अशा ठिकाणीं एका वाडीचें सुखदुःख दुसरीस कळावयास मनुष्याला चालत जावें लागे. घरोघरचे कर्ते पुरुष मुंबईस गिरण्यांत व गोदींत चाकरीस. मागें म्हातारीं माणसें, स्त्रिया आणि मुलें. त्या काळीं टपालवाला मनीऑर्डर घेऊन येई. तिच्या फॉर्मावर खालीं चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पैसा आणि ख्यालीखुशाली एकाच कागदावर येत. ती जुनी मनीऑर्डर २०१५ सालीं बंद झाली. पण मदत आणि वार्ता हीं दोन्हीं जोडीनें चालावींत, हा तिचा धडा मात्र जुना झालेला नाहीं.

वार्तेचें बळ केवढें असतें तें महाडनें १९२७ सालीं पाहिलें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं संमत झाला, आणि महाड नगरपालिकेनेंहि पुढील वर्षीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर थोड्याच वेळांत गांवांत हूल उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार आहेत. ही वार्ता सर्वस्वी खोटी होती. पण तिच्यामुळें जमाव चालून आला आणि परतीच्या वाटेवर असलेल्या निरपराध माणसांवर लाठ्या पडल्या. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस आवरून धरलें, म्हणून पुढचा अनर्थ टळला. नंतर दोनच आठवड्यांनीं, ३ एप्रिल १९२७ रोजीं, त्यांनीं ‘बहिष्कृत भारत’ हें पाक्षिक काढिलें. खोट्या वार्तेस उत्तर द्यावयाचें तर खरी वार्ता सांगणारें साधन हातीं हवें, हें यांत स्पष्ट दिसतें. पाण्याचा हक्क उच्च न्यायालयांत मान्य होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. हूल मात्र एका दुपारींत गांवभर झाली होती.

खोटी वार्ता धांवते हें खरें. पण खरी वार्ता वेळेवर न पोहोंचली तर काय होतें, हेंहि या दोन तालुक्यांनीं सोसलें आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश अमदानींतील दगडी पूल पुरांत वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या व इतर वाहनें अंधारांत नदींत गेलीं आणि सुमारें ४० माणसांचा अंत झाला. पुलाजवळच्या एका गॅरेजवाल्यानें हा प्रकार ओळखून पुढें येणारीं वाहनें थांबविलीं व पोलिसांस कळविलें. त्याच्यापाशीं ना अधिकार होता ना यंत्र. होती ती फक्त हांक. त्या हांकेनें किती जीव वांचले याचा हिशेब कोण करणार? पुढें २८ जुलै २०१८ रोजीं पोलादपूरवरून महाबळेश्वरास जाणाऱ्या आंबेनळी घाटांत दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरींत कोसळली. वांचलेला एकमेव मनुष्य दरी चढून वर आला, आणि त्यानें सांगितलें तेव्हां जगास तें कळलें. मग परिसरांतील गिर्यारोहक तरुण दोर घेऊन खालीं उतरले.

याहून मोठा घाव डोंगरांनीं घातला. २००५ सालच्या जुलै महिन्यांत जुई, दासगांव, रोहण व कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसें गेलीं. सोळा वर्षांनीं, २२ जुलै २०२१ रोजीं, तळिये गांवावर डोंगर आला व ८० हून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्याच दिवशीं पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंहि दरडी पडल्या. त्या वेळीं महाड शहर स्वतःच पुरांत बुडालें होतें. वीज गेली, फोन मुके झाले, रस्ते पाण्याखालीं. खाडीला भरती असली म्हणजे सावित्री व गांधारी यांचें पाणी तुंबतें आणि शहरांत पसरतें, हें येथील जुन्या माणसांस ठाऊक आहेच. अशा स्थितींत बाहेरचीं पथकें दुसऱ्या दिवशीं पोहोंचलीं. तोंवर चिखल उपसला तो शेजारच्या वाड्यांतील लोकांनीं, हातांनीं व घमेल्यांनीं.

वाचकहो, या साऱ्यांतून आम्हीं एकच बोध घेतों. संकटाच्या पहिल्या प्रहरीं सरकार नसतें, यंत्र नसतें. असतो तो शेजारी. तो शेजारी कामास येण्यास त्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : कोणावर काय ओढवलें आहे, आणि कोणत्या घरांत कोण आहे. आपल्या धर्मग्रामांत घरें थोडीं व दूरदूर आहेत. म्हणून स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदवहीबरोबर आणखी एक वही ठेवावी. कोणती म्हातारी एकटी राहते, कोण अंथरुणाला खिळला आहे, कोणती भगिनी गरोदर आहे, कोणापाशीं वाहन आहे, कोणास पोहतां येतें, हें तिच्यांत असावें. आणि तींत ख्रिस्ती घरांचींच नांवें नसून शेजारच्या सर्व घरांचीं असावींत. डोंगर पडतांना धर्म विचारीत नाहीं.

प्रत्येक वाडींत दोघांनीं निरोप्याचें काम पत्करावें. फोन बंद पडला तरी पाय बंद पडत नाहींत. पावसाळ्यांत जमिनीस नव्या भेगा दिसल्या, झाडें वा खांब कलले, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें किंवा ओढ्याचा प्रवाह अचानक आटला, तर दरडीची ती पूर्वसूचना समजावी आणि सर्वांस हांक मारून तत्काळ डोंगराखालून दूर जावें. घंटेचा संकेत आधींच ठरवून ठेवावा, म्हणजे रात्रीं ती वाजली असतां अर्थ शोधीत बसावें लागणार नाहीं. आणि ऐकलेली गोष्ट पुढें सांगण्यापूर्वीं ती खरी आहे काय हें पाहावें; १९२७ ची ती दुपार विसरूं नये. हल्लीं हातांतील यंत्रानें हूल एका क्षणांत हजार घरीं जाते, म्हणून ही सावधगिरी पूर्वींपेक्षां अधिक लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं वार्तेच्या साधनांविषयीं स्वतंत्र हुकूमनामा काढला, आणि १९६७ पासून ख्रिस्तसभा दरवर्षीं त्यासाठीं एक दिवस पाळते. आपणांस मोठीं साधनें लाभोत वा न लाभोत. देवळाची घंटा, मिस्सेनंतरच्या चार सूचना आणि एकमेकांच्या दारीं जाण्याची संवय हीं तर आपल्या हातचीं आहेत. ज्युबिलीचा कर्णा वाजला तेव्हां प्राचीन काळीं गरिबास कळे कीं आपणांस कोणी विसरलें नाहीं. महाड-पोलादपूरच्या शेवटच्या वाडींतील शेवटच्या घरासहि तेंच कळावें, एवढीच आमची या वर्षीं प्रभूपाशीं विनंती आहे.